जुनं म्हन ना

माय, परवा मी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. आपल्या गल्लीत कानासाठी डॉक्टरकडे गेलं होतं कोण कधी? कान दुखला तर कोमट तेल, वाहिला तर कापूस, आणि ऐकू आलं नाही तर समोरच्यानं जरा जोरात बोलायचं, एवढंच आपलं वैद्यक. इथे मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर जाड डबे चढवले, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबा. मी वाट बघत बसलो. वाटलं, बाई अजून तयारी करताहेत. मग दार उघडून त्या आत आल्या आणि डबे काढायला लागल्या, तेव्हा समजलं की तपासणी होऊन गेलीसुद्धा.

काम काय करता, विचारलं. म्हटलं, कापडाच्या लूमवर. पहिले लिंबायतला, आता सचिन गावातल्या कारखान्यात. त्यांनी मान हलवली, सुरतच्या डॉक्टरला यापुढे सांगावं लागत नाही. गुजरातीत म्हणाल्या, बारीक आवाज आधी जातात, बायकांचे, पोरांचे, पाखरांचे. ढोल शेवटपर्यंत राहतो. मला जरा रागच आला. म्हटलं, बाई, माझ्या तरुणपणातली सिनेमाची गाणी मला आजही अक्षर न् अक्षर ऐकू येतात, मग कान गेला कसा म्हणता? त्या म्हणाल्या, ती तुम्ही कानानं ऐकत नाही, ती तुम्हाला पाठ आहेत. सुरुवात कळली की पुढचं तुमचं डोकंच वाजवतं. नवं गाणं डोक्यात नसतं, म्हणून ते वाजत नाही. हे मी आधी ऐकलेलं होतं. आबांनी सांगितलं होतं, आपल्याच खोलीत, तुझ्या स्टोव्हसमोर बसून, आणि मी ते खरं मानलं नव्हतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

डॉक्टरकडे गेलो तो पोरीमुळे. तुझी नात, तू पाहिलेली नाहीस. कॉलेजात जाते, बोलते सगळं गुजरातीत, अहिराणी नुसती समजते. नवरात्रात तिच्या मैत्रिणींचा गट गरबा गातो आणि यंदा त्यांनी स्वतः एक नवं गीत बांधलं होतं. मी पाळीवरून आलो, हातपाय धुऊन जेवायला बसलो तशी फोन घेऊन माझ्या शेजारी बसली. "पप्पा, एक वार सांभळो तो खरा." मी ऐकलं. म्हणजे कान दिला. ढोलकी वाजत होती आणि तिच्यावर काहीतरी सळसळत होतं, कोणी तरी कागद चुरगळावा तसं. शेवटपर्यंत तेच. मला वाटलं, आजकालची गाणी ही अशीच. म्हणालो, "बरंय. पण जुनं काही लाव ना." तिनं फोन उचलला आणि आत गेली. माय, ते तोंड मी आधी पाहिलेलं होतं. घास हातातच राहिला.

तुला गाणी जुळवायची सवय होती, त्याला तू गाणं म्हणत नव्हतीस. "काही नही रे, तोंड चालस" म्हणायचीस. भाकरी थापताना तुझ्या बांगड्यांचा आणि हाताचा जो ताल लागायचा, त्याच्यावर तू शब्द बसवून बघायचीस. एखादा शब्द बसला नाही की भाकरी तव्यावर टाकून थांबायचीस, उलथणं हातात धरून भिंतीकडे बघायचीस, आणि मी ओरडायचो की करपली. आपल्या त्या खोलीत एका कोपऱ्यात तुझा स्टोव्ह, दुसऱ्या कोपऱ्यात मोरी, मधे आबा झोपलेले असायचे रात्रपाळी करून. तू दबक्या आवाजात म्हणायचीस तेही त्यांच्यासाठीच. तेव्हा कोणाला ठाऊक, तू ढोल बडवला असतास तरी ते उठले नसते.

तुझी खरी परीक्षा कानबाईला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ लावून कानबाई चौरंगावर बसायची आणि गल्लीतल्या सगळ्या खान्देशी बाया त्या एका खोलीत दाटीवाटीनं बसून गायच्या. जुनी गाणी सगळ्यांना येत. पण जुनी संपली की तुझ्याकडे माना वळायच्या, कारण दरवर्षी तू सुरतेचं काही तरी नवं जोडलेलं असायचंस. नळावरचं भांडण, शेठच्या बायकोची स्कूटर, उधन्याच्या फाटकात अडकलेली नवरी. बाया हसून लोळायच्या. पुरुषमाणसं बाहेर ओट्यावर बसत, पण आबा दारात, उंबऱ्याला टेकून. माझ्या लहानपणीचं मला पक्कं आठवतं, जुनं चालू असलं की ते अस्वस्थ व्हायचे. "ते व्हयनं आते. नवं व्हऊ दे, नवं." गल्लीतले त्यांची टिंगल करायचे, बायकोच्या गाण्यापायी पाळी बुडवणारा माणूस म्हणून. ते मिश्या चोळत बसायचे आणि तू मुद्दाम त्यांच्यावरच एखादी ओळ सोडायचीस. घरात फार बोलणारी जोडी तुमची नव्हती. जे बोलायचं ते तुम्ही त्या एका रात्री बोलून घेत होता, असं मला आता वाटतं.

मी मात्र दुसऱ्याच गाण्यांत बुडालो होतो. आबांनी टेपरेकॉर्डर आणला ते वर्ष आठव. दिवाळीला बोनस मिळाला आणि ते तो डबा खांद्यावर घेऊन आले, जणू बोकड आणला. तू म्हणालीस, "कसाले आनं हाई?" ते म्हणाले, "पोऱ्याले." तो दिवस आणि तिथून पुढची माझी सगळी वर्षं. उधन्याला एक कॅसेटवाला होता, आपण गाणी सांगायची आणि तो कोऱ्या कॅसेटमध्ये भरून द्यायचा. मी काय काय भरून घेतलं, त्यातली एकेक चाल, मधे वाजणारी बासरी, गायिका कुठे श्वास घेते, हे सगळं आजही माझ्याजवळ आहे. शाळेत शिकलेलं सगळं गळून गेलं, ते नाही गेलं. पुढे माणूस बनतो, लग्न करतो, पोरं होतात, पण मिसरूड फुटताना जे कानात पडलं त्याचीच सत्ता आयुष्यभर चालते. एकदा कानबाईच्या आदल्या दिवशी तू कोपऱ्यात ओळ जुळवत होतीस आणि मी टेपचा आवाज वाढवला, तेव्हा तू पिठाचे हात तसेच ठेवून म्हणालीस, "गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता." सबंध म्हण तू शुद्ध मराठीत म्हणालीस, शाळेतल्या बाईंसारखी, आणि स्वतःच हसलीस. मीही हसलो. आवाज कमी केला की नाही, आठवत नाही.

आबांचं 'जुनं' नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. असल्या गोष्टी कपड्याच्या रंगासारख्या उडतात, कोणाला दिसत नाहीत. एका कानबाईला त्यांनी नवं मागितलं नाही. पुढच्या वर्षी तू नवं म्हणत असताना ते उठून बाहेर गेले, बिडी ओढायला. त्यापुढच्या वर्षी दारातून म्हणाले, "जुनं म्हन ना वं." बायांना वाटलं, थट्टा. तूही थट्टाच समजलीस. टेपवरसुद्धा ते माझ्या कॅसेटी काढून टाकायचे आणि एकच कॅसेट लावायचे, त्यांच्या तरुणपणातल्या तमाशाच्या गाण्यांची, आणि कान टेपला चिकटवून बसायचे. मी म्हणायचो, म्हाताऱ्याला दुसरं काही आवडतच नाही. तू म्हणायचीस, "वय व्हयनं का मानूस मागे मागे जास." आपण दोघांनी मिळून असं सोपं उत्तर शोधून ठेवलं होतं.

बहिरेपणा कोणाच्या मनात आला नाही, आणि येणार कसा? लूमच्या खात्यात, त्या खडखडाटात, सगळेच ओठ बघून बोलतात. समोरच्याचं तोंड दिसलं की झालं, आवाजाची गरजच नाही. घरी आले की सगळेच ओरडून बोलतात. आपली गल्ली ही अशी, की कुजबुजलं तरी नाक्यावर ऐकू जायचं. आबा तुझ्या ओठांकडे बघून तुझं सगळं समजून घेत होते, मीठ आण, दळण आण, पोऱ्याची फी भर. बहिरा माणूस वेगळा उठून दिसायला आजूबाजूला ऐकणारे लागतात. आमच्यात ते नव्हतेच.

मग प्लेगचं वर्ष आलं. गणपती होऊन गेले होते. सकाळी बातमी आली आणि संध्याकाळपर्यंत गल्ली रिकामी झाली. खात्यांतल्या लूमच्या मोटारी बंद पडल्या आणि मी जन्मात पहिल्यांदा लिंबायतमध्ये कावळ्याचा आवाज ऐकला. स्टेशनवर माणसं खिडक्यांतून आत चढत होती. आपण भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत संडासाच्या दाराशी उभे राहिलो. नंदुरबार गेलं आणि तू एकदम कपाळाला हात लावलास. कुलूप लावायचं राहिलं होतं. आबा म्हणाले, "चोरी कराले कोन ऱ्हायनं तठे?" त्या गर्दीतही आसपासचे हसले. पण तुझं लक्ष पुढचे कितीतरी दिवस त्या उघड्या दाराकडे होतं.

गावी भुलाबाईचे दिवस होते. दिवेलागणीला पोरी टिपऱ्या घेऊन अंगणोअंगणी फिरत होत्या, गाणी म्हणत होत्या, खाऊ ओळखत होत्या. एका संध्याकाळी आपल्या अंगणात त्या आल्या आणि त्यांच्या आयांनी तुला धरलं, सुरतवाली, तू म्हण. वीज नव्हती. पलीकडून तापी वाहत होती, त्या दिवसांत भरलेली. लूम नाही, गाड्या नाहीत, रेडिओ नाही, इतकी शांतता की टिपऱ्या थांबल्यावर कानात घुमल्यासारखं होत होतं. आणि तू सुरू केलंस. "तापीमाय वं तापीमाय, सुरतले तू चालनी..." त्यापुढे जे काही होतं त्याला बाया पहिले हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. माझ्या मावशीनं डोळे पुसले, हे मला दिसलं. तू दुसरं कडवं घेतलंस. तेवढ्यात अंधारातून, ओट्यावरून, आबांचा आवाज आला, खात्यातल्यासारखा मोठा. "हाई काय लावं शे? जुनं म्हन ना."

कोणी हसलं नाही. सुरतेत ती थट्टा होती, इथे तुझं माहेर-सासर दोन्ही बसलेलं होतं. तू लगेच जुनं धरलंस, पोरींनी टिपऱ्या सुरू केल्या, आणि आबा ओट्यावर मांडीवर ताल देत गुणगुणायला लागले, अगदी बरोबर, एक शब्द न चुकता. मी बघत होतो. मला वाटलं, किती आडमुठा माणूस आहे हा.

आपण परत आलो तेव्हा खोलीचं दार तसंच उघडं होतं आणि आत एक चमचा हललेला नव्हता. हललं होतं ते दुसरंच. तू भाकरी थापायचीस, पण मुक्यानं. त्याच्या पुढच्या कानबाईला बायांच्या माना तुझ्याकडे वळल्या तेव्हा तू म्हणालीस, आता सुचत नाही. त्यानंतर त्या माना वळायच्याही बंद झाल्या. एकदा मी विचारलं, का गं म्हणत नाहीस? तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ज्याना करता म्हनू त्याले कडू लागस. मानूसना जीव उडना का त्याले बाईना आवाजबी नको व्हस." मी तेव्हा नुकताच लूमवर चिकटलो होतो, एका मुलीच्या मागे होतो, कानात सतत वॉकमन. आईबापाचा जीव एकमेकांवरून उडतो-बिडतो हे ऐकायलाही लाज वाटली. मी उठून बाहेर गेलो.

आणि मग तुझं दुखणं. कावीळ म्हणता म्हणता लिव्हर गेलं. सिव्हिलच्या त्या लांबलचक वॉर्डात तुझ्या कॉटवरचा पंखा खडखड करायचा. शेवटच्या आठवड्यात तुझा आवाज अगदी खाली गेला होता. मी डबा घेऊन आलो तेव्हा दारातून दिसलं, आबा तुझ्यावर वाकलेले, कान तुझ्या तोंडाशी नेलेला, आणि तू काहीतरी सांगत होतीस, बराच वेळ, थांबत थांबत. ते मान हलवत होते. हो, हो, असं. मी आत गेलो नाही. वाटलं, चला, शेवटी बोलले एकमेकांशी. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. तू गेल्यावर रडताना मी त्याच गोष्टीला धरून होतो.

माय, त्यांनी कान तुझ्या तोंडाशी नेला होता, म्हणजे तुझे ओठ त्यांना दिसतच नव्हते. हे मला किती उशिरा कळावं!

तू गेल्यानंतरच्या कानबाईच्या आसपास, लूमच्या सुटीच्या दिवशी आबा तुझ्या स्टोव्हसमोर बसून भाकरी करत होते. भाकरी कसली, नकाशा. मी चहाची वाट बघत होतो. त्यांनी पीठ तसंच ठेवलं आणि माझ्याकडे वळून बसले, माझं तोंड नीट दिसेल असे. म्हणाले, "तुनी माय काय म्हने रे ते? नवं?"

मी म्हटलं, कोणतं नवं?

"ती जोडे ते. माले ते कधी ऐकूच नही ऊनं."

मी चिडलो. म्हटलं, आबा, तुम्हीच तर म्हणायचा जुनं म्हण म्हणून. सगळ्या गावासमोर म्हणालात. तेव्हा त्यांनी ते सांगितलं, जे परवा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. जुनं पाठ होतं. पहिला शब्द समजला की बाकीचं डोक्यात आपोआप वाजायचं, तुझ्याच आवाजात, लग्नाच्या वेळच्या. नवं म्हणायला लागलीस की तुझं तोंड हलताना दिसायचं, अंधारात तेही नाही, आणि कानात नुसती फुसफुस. सगळे हसताहेत, रडताहेत, आणि ते एकटे बाहेर. "मंग मी म्हनू, जुनं म्हन. तेवढी तरी ती माले ऐकू ये." मी विचारलं, मग तिला सांगितलं का नाही? त्यांनी पिठाचे हात एकमेकांवर चोळले. म्हणाले, "सांगतू ते ती गानं सोडी देती. म्हनती, यालेच ऐकू येस नही, ते म्हनू कोनले?"

मी मनात म्हटलं, आता बायको गेल्यावर बुढ्याला सबब सापडली. तुझ्या आठवणीनं त्यांना अपराधी वाटतं आहे म्हणून ते काहीतरी रचताहेत. मी पंचविशीच्या आतला, माझे कान टणटणीत. जुनं ऐकू येतं आणि नवं येत नाही, हे असं कुठे असतं का? म्हणून तुला आज सांगतो आहे, साक्षीदार म्हणून. असतं. माझं आता तेच झालं आहे. लोक म्हणतात, आमच्या वेळची गाणी गोड होती, हल्लीच्या गाण्यांत काही राम नाही. बाकीच्यांचं मला माहीत नाही. लूमवाल्यांचा कान तरुणपणीच बंद होतो आणि आत जे अडकलं तेवढंच उरतं. आबांचा जीव तुझ्यावरून उडाला नव्हता. ते तुझ्याच आवाजामागे लागले होते आणि तो मिळण्याची त्यांच्याकडे एकच जागा उरली होती. तू मात्र मनात 'जीव उडाला' हेच घेऊन गेलीस. याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं दुसऱ्या कशाचं वाटत नाही.

त्या दिवशी ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. तुझी एक तरी नवी ओळ त्यांना हवी होती. मी शोधली. माय, मी खूप शोधली. डोक्यात हात घालावा तिथे सिनेमाची गाणी निघत होती, सगळी, संगीतासकट. तुझी एकही पुरी निघेना. रोज तुझ्याशेजारी बसून जेवलो मी. नळाच्या भांडणाचं काय होतं? स्कूटरचं काय? हसणं आठवत होतं, शब्द नाहीत. शेवटी तापीचं सापडलं, तेही अर्धं. मी त्यांना स्पष्ट ओठ हलवून सांगितलं, "तापीमाय वं तापीमाय, सुरतले तू चालनी." त्यांचे डोळे भरले. "मंग? पुढे?" पुढे काही नव्हतं. ते बघत होते. मी म्हणालो, "मना घरले देखी येजो, मी कुलूप इसरी ऊनी."

ते थक्क झाले, मग इतके हसले की पिठाची परात हलली. "कुलूप! व्हय रे, कुलूप राही गयथं." आणि मग त्यांनी ते म्हणून बघितलं, मोठ्यानं, कानबाईच्या जुन्या चालीवर, बेसूर. तिथून पुढे आबा होते तोवर ते तेच म्हणत. लूमवर म्हणत, मोरीत म्हणत, तुझ्या कानबाईसमोर उंबऱ्यात बसून म्हणत. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, असं नव्हतं ते, वेगळं होतं काहीतरी. पण काय होतं ते त्यांनाही सांगता यायचं नाही, आणि त्यांचं बोलणं आबांना ऐकू जायचं नाही. शेवटच्या दुखण्यातही त्यांनी ते म्हटलं. मी शेजारी होतो.

परवा डॉक्टरकडून आल्यावर मी पोरीला समोर बसवलं आणि सांगितलं, बाई, मला तुझं गाणं ऐकू आलं नव्हतं. आवडलं नाही असं नाही. शब्द सांग, माझ्याकडे तोंड करून. ती रडली थोडी, मग सांगितले. चांगले आहेत, तुला आवडले असते. आबांनी जे तुझ्याशी केलं नाही ते मी केलं, एवढं समाधान. मग ती म्हणाली, आजी पण गाणी बनवायची ना, एक म्हणा ना. मी ती दोन ओळींची तापी म्हटली. तिनं ती फोनमध्ये भरून घेतली. म्हणाली, "पप्पा, आ धून क्यांक सांभळेली लागे छे." चाल कुठेतरी ऐकलेली वाटते.

वाटणारच. पहिली ओळ तुझी आहे. दुसरी मी त्या दिवशी स्टोव्हसमोर जोडली, हे आबांना मी कधी सांगितलं नाही. आणि जुनी चाल काही केल्या माझ्या गळ्यात उतरत नाही. माझ्या डोक्यात ती तुझी ओळ त्या वर्षी मी रात्रंदिवस ऐकलेल्या एका सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर बसली आहे, आणि तशीच मी म्हणतो. पोरीला हे सांगायला तोंड उघडलं होतं. ती फोनवर 'आजीचं गाणं' असं नाव घालत होती.

मी म्हणालो, वाटेल. जुनं आहे.